एक चिलीमभर कळप

मित्रांनो, लालीबाईच्या घरात शिरताना उजव्या हाताच्या खुंटीवर एक काळपट, काठाला चिरलेली पितळी वस्तू लोंबते, ती मी. बैलाच्या गळ्यातली जुनी घाटी. वाजणं हा आमचा धंदा आणि वाढवून सांगणं हा आमचा कुळाचार. तेव्हा माझं बोलणं थोडं चाळून घ्या.

एकदा दारव्ह्याच्या बाजारात मी अशी काही खणखणले, की तिकडे पुसदला पंगतीत बसलेले लोक हात धुऊन उठले. त्यांना वाटलं, जेवण झाल्याची घंटा वाजली. दुसऱ्या वेळी नाल्यात वाघ आडवा आला. मी एकच टोला दिला. वाघ असा पळाला, की अर्धे पट्टे नाल्यातच गळून पडले. आजही त्या रानात अर्ध्या पट्ट्यांचा वाघ फिरतो. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

माझा जन्म मात्र साधा. लालीबाईचा नवरा धावजी, त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचा. त्याने फुटकी समई, चेपलेला लोटा आणि बायकोचं एक मोडकं कडं ओताऱ्यासमोर ठेवलं, आणि त्यातून मी निघाले. पुढे लदेणी संपली, बैलांच्या पाठीवरची ओझी गेली, आमचा बंजाऱ्यांचा तांडा एका जागी बसला आणि शेती करू लागला. मी धावजीच्या बंडीला, म्हणजे बैलगाडीला, जुंपायच्या बांड्या बैलाच्या गळ्यात आले. लालीबाईने माझ्या पट्ट्याला कवड्या शिवल्या. आतला लोळा, म्हणजे माझी जीभ, झिजली तेव्हा आर्णीच्या गफ्फार लोहाराने लोखंडाची नवी बसवून दिली.

"धावजी, तुही बंडी मोडकी अन् घाटी राजाची," गफ्फार म्हणाला. "आवाज ऐकून लोक रस्ता सोडतीन, अन् बंडी पाहून हासतीन."

"हासू दे ना बाप्पा," धावजी म्हणाला. "रस्ता तं सोडतीन!"

त्या तांड्याचे दोन नेम होते. पहिला असा, की कुणी बंडी मागितली तर ती घाटीसकट द्यायची. घाटी काढलेली बंडी फक्त मयतासाठी जुंपायची. मुकी बंडी तांड्यात शिरली, की बाया चूल सोडून बाहेर येत आणि विचारत, कोण गेलं?

दुसरा नेम आज्याच्या काळचा. रानात मुक्काम करायचा तर रानाला भाडं द्यायचं. म्हणून लालीबाई ज्वारीचे काठावरचे तास हरणांसाठी सोडायची. तिथली कणसं कधी खुडायची नाही. पाखरं उडवायला ती मचाणावर गोफण घेऊन उभी राहायची, आणि तिचा नेम असा होता, की उडत्या पोपटाच्या चोचीतला दाणा खाली पडावा. (हे मी फार वाढवलेलं नाही.) पण हरणावर तिने कधी ढेकूळ फेकलं नाही. उलट बंडीतून जाताना ती एखाददुसरं हिरवं कणीस माळावर भिरकावायची.

माळावर काळविटांचा कळप होता. माझा आवाज आला की माद्या मान वर करून बघायच्या आणि पुन्हा चरू लागायच्या. पिळदार शिंगांचा एक म्हातारा काळवीट तर वाटेपर्यंत चालत यायचा, कणीस हुंगायचा आणि उचलायचा. मित्रांनो, घाटीला एकच शब्द येतो. माणसाच्या भाषेत तो 'खण' असेल. त्या हरणांच्या भाषेत त्याचा अर्थ होता, 'आपलंच माणूस आहे, खा निवांत.'

कळप वाट ओलांडू लागला की धावजी बंडी थांबवायचा आणि चिलीम भरायचा. चिलीम भरून, पेटवून, ओढून, झाडून झाली की शेवटची पाडसं उड्या मारत पलीकडे जायची. म्हणून धावजी म्हणायचा, आमचा कळप एक चिलीमभर आहे. तांड्यात कुणाला हरणं मोजता यायची नाहीत असं नाही. मोजायची गरजच पडली नव्हती.

मग छप्पन सालची दिवाळी आली. बाजारात लोक सांगत होते, की आता आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला. मी बांड्याच्या गळ्यातून तसूभर हलले नव्हते आणि राज्य बदललं! असा पल्ला मी गप्पांतसुद्धा कधी मारला नव्हता.

त्याच दिवाळीत लालीबाईचा धाकटा भाऊ अमरसिंग आला. गोड बोलणारा, केसांना तेल चोपडणारा. बहिणीला त्याने फेटियासाठी, म्हणजे घागऱ्यासाठी, लालभडक कापड आणलं.

"एवढं भारी कायले आणलं भिया?" लालीबाई म्हणाली. पण तिचा हात कापडावरून निघत नव्हता.

"बाईले नाही आणू तं कोनाले आणू?" अमरसिंग म्हणाला. मग धावजीकडे वळला. "भाटवाजी, बाजाराच्या दिवशी बंडी द्या ना मले. बैलासाठी सरकीची ढेप आणाची हाये. तुमच्यासाठीबी आणतो."

"घेऊन जा ना साळेबुवा. बैलाले मारजो नको फक्त."

"अन् घाटी राहू द्या बरं गळ्यात," अमरसिंग हसत म्हणाला. "घाटीबिगर मजा नाही."

धावजी फुलून गेला. घाटीचं कौतुक म्हणजे त्याच्या आज्याचं कौतुक. मीही फुलले. खोटं कशाला बोलू?

बाजाराच्या दिवशी बंडी तांड्याबाहेर पडली आणि दारव्ह्याची वाट सोडून पळसाच्या झाडीकडे वळली. तिथे एक जीप उभी होती. शहरातले दोन शिकारी खाली उतरले. त्यांची जीप दिसली की हरणं नजरेच्या टप्प्यापलीकडे पळत, म्हणून ते वैतागले होते. अमरसिंगाने त्यांना बंडीत निजवलं आणि वर कडबा पसरला.

"आता पाहा साहेब," तो म्हणाला. "एकबी हलनार नाही."

मित्रांनो, मी न वाजण्याचा प्रयत्न केला. पण बैल चालला की घाटी वाजणारच. माळावर माद्यांनी मान वर केली, मला ऐकलं आणि पुन्हा चरू लागल्या. 'आपलंच माणूस आहे,' मी सांगत होते, 'खा निवांत.' आणि माझ्या मागून, कडब्यातून, बंदुका वाजल्या. कळप पळाला, पण लांब नाही गेला. पाठीमागे माझा आवाज होता, आणि त्या आवाजाकडून वाईट काही येईल हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

संध्याकाळी बंडी धुऊनपुसून दारात आली. ढेपेचा एक तुकडाही त्यात होता.

असे बाजार येत गेले. बाहेर गहू पोटरीला आला, कापसाची वेचणी सरत आली, आणि धावजीची चिलीम आता पुरी ओढून होईना. आधी ती अर्ध्यावर असतानाच कळप पलीकडे जायचा. मग पेटते न पेटते तोच वाट मोकळी व्हायची.

"लांडगे आले वाटते," धावजी बायकोला म्हणाला.

"लांडग्याले बाजाराचा दिवस कळते काय?" लालीबाई म्हणाली. तिला बांड्याचं वागणं खटकत होतं. चुलीवर तवा आपटला तरी तो दावं ओढायचा. तिने भावाला सरळ विचारलं, "भिया, माळावरून जातं ना तू? तुले काही दिसते काय?"

"सेवाभायाची आण बाई, मले तं एकबी लांडगा नाही दिसला."

आणि तांड्याच्या संताची आण घालून केलेलं हे बोलणं अक्षरशः खरं होतं. मी इतकी वर्षं गप्पा मारते आहे, पण खऱ्याच्या आडून एवढं खोटं बोललेलं मी दुसऱ्या कुणाला ऐकलं नाही.

पुढच्या बाजारी लालीबाई मचाणावर होती. अंगात नवा लाल फेटिया. माझा आवाज ऐकून तिने वळून पाहिलं. भाऊ येतोय म्हणून हातही उंचावला. माळावर हरणं उभी होती, माझ्याकडे बघत. मग बंडीतला कडबा हलला, आणि तिच्या डोळ्यांदेखत दोन माद्या गुडघ्यांवर बसल्या.

ती मचाणावरून उतरली की पडली, मला कळलं नाही. धावत आली आणि बैलांसमोर उभी राहिली.

"कोन हे? कोनाले बसवलं माह्या बंडीत?"

"बाई, ओरडू नको व. साहेब लोक हाये," अमरसिंग दबक्या आवाजात म्हणाला. "जनावरंच तं हायेत. तुह्या घरचं काय गेलं?"

"माह्या घाटीले आले ते! माह्या भरोशावर उभे होते!"

"अन् तुह्या अंगावरचा फेटिया?" अमरसिंग हसला. अजूनही गोडच हसला. "तो कोनाच्या भरोशावर आला मंग? साहेबाइनं आगाऊ पैसे दिलते."

लालीबाईने खाली पाहिलं. या वेळी त्या लाल कापडावरून तिचा हात फिरला नाही. काठ चिमटीत धरून अंगापासून लांब धरला, एवढंच.

तिने बैल आणि बंडी सोडवून आणली. घरी आल्यावर धावजीने सगळं ऐकलं आणि बराच वेळ चिलीम उलटीपालटी करत राहिला.

"लोळाच काढून टाकतो घाटीचा," शेवटी तो म्हणाला. "मुकी होऊ दे."

पण दुसऱ्या दिवशी गफ्फार लोहार चाकाची लोखंडी धाव ठोकायला तांड्यात आला, आणि त्याने काय सांगावं?

"भाभी, तुमचा भाऊ आलता मायाकडं. म्हने धावजीसारखी घाटी पायजे, हाच आवाज पायजे. मी म्हनलं, नाही आपल्याजवळ."

"बरं केलं," धावजी म्हणाला.

"काय बरं केलं? बाजारात घाट्या काय कमी हायेत? आज ना उद्या भेटनच त्याले."

लालीबाई ऐकत होती. आवाज मुका करून भागणार नव्हतं. हरणांना घाटीची ओळख होती, घाटीच्या मालकाची नव्हती. कुणीही उठावं, कसलीही घाटी बांधावी आणि कळप उभा राहावा.

सकाळी तिने स्वतः बंडी जुंपली. मला बांड्याच्या गळ्यात नीट बांधलं. ओटीत ढेकळं भरून घेतली आणि कमरेला गोफण खोवली. मला वाटलं, पाखरं उडवायला निघाली.

माळावर कळप होता. कळप कसला, चिलीम भरायच्या आत संपेल एवढाच. मी वाजले आणि त्यांनी मान वर केली. इतकं होऊनही, मित्रांनो, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा चरू लागले! तो म्हातारा काळवीट वाटेकडे चालत आला.

लालीबाईने गोफण फिरवली. पहिलं ढेकूळ त्याच्या खुरांपाशी फुटलं. तो दचकला नाही. त्याने मान खाली घातली आणि ते ढेकूळ हुंगलं. त्याला वाटलं, कणीस आहे.

"पळ ना रे," लालीबाई म्हणाली. "पळ मेल्या, माह्यासाठी नको थांबू."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग तिने दुसरं ढेकूळ घातलं आणि तिचा तो पोपटाच्या चोचीवरचा नेम त्याच्या फऱ्यावर लावला. तिसरं मानेवर. एका हाताने ती मला खणाखणा हलवत होती, दुसऱ्याने गोफण फिरवत होती, आणि मोठमोठ्याने रडत होती. काळवीट उधळला. त्याच्यामागे माद्या आणि पाडसं. पार टेकडीपलीकडे. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. होळीपर्यंत ती रोज जात राहिली. शेवटी शेवटी मी नुसती किणकिणले तरी माळ रिकामा व्हायचा.

होळीच्या सुमारास अमरसिंगाला दुसरी घाटी आणि कुणाची तरी बंडी मिळाली. शिकारी कडब्याखाली निजले, बंडी माळावर आली, पहिल्या टोल्याला सगळा कळप टेकडीपलीकडे. शिकाऱ्यांनी त्याला अशा शिव्या घातल्या, की ऐकून त्या नव्या घाटीचं पितळ हिरवं पडलं म्हणतात.

लालीबाईने ते दुरून पाहिलं आणि माळावरच मला बांड्याच्या गळ्यातून सोडलं. लोळा मुठीत घट्ट धरला, मला मांडीवर ठेवलं आणि बंडी घराकडे हाकली. मुकी बंडी तांड्यात शिरली तशा बाया चूल सोडून दारात आल्या. शेजारची सुखीबाई धावत पुढे झाली.

"कोन गेलं व, लाली?"

"भाऊ," लालीबाई म्हणाली.

आता दहाएक वर्षं झाली. मी खुंटीवर आहे. धावजी सांगतो, की कळप हळूहळू वाढतो आहे, आता अर्ध्या चिलमीचा तरी असेल. तसा अंदाजच. कारण तो आता टेकडीपलीकडे असतो आणि वाटेवर येत नाही. काठावरचे तास लालीबाई अजूनही सोडते. ती कणसं पाखरं खातात.

दर दिवाळीला मात्र ती मला चिंचेने घासते, गोफण घेते आणि माळावर जाते. नवी पाडसं जन्मलेली असतात ना. त्यांना घाटीची भीती नसते. ती मी शिकवते. ज्या जिभेने मी त्यांच्या आज्यांना 'या' म्हटलं, त्याच जिभेने त्यांना 'जा' म्हणते.

म्हणून, मित्रांनो, घरात आलात तर मला हवं तेवढं वाजवा, मुलांनी वाजवलं की मला बरं वाटतं. फक्त एक करा. कधी एखादं मुकं जनावर तुमच्या आवाजाला ओळखून उभं राहिलं, तर तुमच्या बंडीत कोण बसलं आहे ते आधी नीट बघा. कडबा उचलून बघा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन लालीबाईला सांगा, की आता माळावर कुणी लपून येत नाही. त्या दिवशी ती मला पुन्हा बंडीला बांधेल. मी वाट बघते आहे.

जाता जाता एक सांगते. माझ्या गोष्टीतलं पुसदच्या पंगतीचं खोटं आहे, आणि वाघाच्या पट्ट्यांचंही. हरणांचं मात्र खरं आहे. उलटं असतं तर किती बरं झालं असतं.