सोवळ्यातलं कपाट

दक्षिणेतल्या मेलकावेरीत, जुन्या मराठी घरांच्या त्या गल्लीत तुळसीच्या नाकाचा दबदबा होता. डाळ करपायच्या आत तिला कळायचं, दूध नासणार हे आदल्या दिवशी कळायचं. आणि गेली तीन वर्षं रोज संध्याकाळी पावणेसहाला तिचा नवरा हयग्रीव कामावरून यायचा, सायकल भिंतीला टेकवायचा, उंबऱ्यात तिच्यासमोर उभा राहायचा आणि तोंड उघडून 'हा' करायचा. सहा फुटी माणूस, तोफखान्यात अकरा वर्षं काढलेला. बायकोचं नाक बेताच्या उंचीवर असल्यामुळे त्याला थोडं वाकावं लागायचं. ती हुंगायची, मान हलवायची, मग तो आत जायचा. पाहणाऱ्याला गंमत वाटली असती, पण त्या घरात यावर कोणी हसत नसे.

हयग्रीव पलटणीत असताना प्यायचा. थोडीथोडकी नव्हे, परेडला उभं राहता येईना इतकी. पलटणीच्या दवाखान्यात त्याला एकदा दारू सोडायच्या वॉर्डात ठेवलं, तो सुटून आला आणि चार महिन्यांत पुन्हा प्यायला. दुसऱ्यांदा ठेवलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ही शेवटची संधी. सहा आठवड्यांची आजारपणाची रजा, घरी राहायचं, रोज सकाळी बायकोच्या डोळ्यांसमोर एक पांढरी गोळी गिळायची. रजा संपताना बायकोने एक छापील कागद भरून पाठवायचा. त्यात प्रश्न एकच महत्त्वाचा होता, रजेत हा माणूस प्यायला का?

गोळीची खुबी वॉर्डातल्या परिचारकाने तुळसीला नीट समजावून सांगितली होती. ही गोळी पोटात असताना दारू पोटात गेली की चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या थांबत नाहीत. माणूस खोटं बोलेल, शरीर बोलणार नाही. तुळसीला हे फार आवडलं होतं. नवऱ्याच्या शपथा ऐकून ऐकून तिचे कान किटले होते, आता साक्षीला एक गोळी तरी मिळाली.

रजेच्या एकोणिसाव्या दिवशी, वैकुंठ एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला सकाळी पारणं फेडायला सगळे केळीच्या पानांवर बसले आणि हयग्रीवाचा चेहरा लाल झाला. पहिला घास हातातच राहिला. तो उठला, विहिरीपाशी गेला आणि तिथेच ओकत खाली बसला. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि गोळीची पुडी पाहून नुसतं तुळसीकडे बघितलं. बोलायची गरजच नव्हती. शुद्धीवर आल्यावर हयग्रीव म्हणाला, "मी पिलों नाहीं." तुळसीने त्याला तोंड उघडायला सांगितलं. ओकारी आणि तीर्थातला कापूर यांच्याखाली तिला काहीतरी आंबूस, दारूच्या जातीचं लागलंच. तिने कागदावर 'होय' लिहिलं, खाली सही केली, आणि तो कागद रजिस्टरने गेला.

पलटणीने हयग्रीवाला काढून टाकलं. दाखल्यावर एक ओळ आली, 'दारू सोडवण्याचे उपचार दोनदा निष्फळ, सेवेस अयोग्य.' त्या ओळीला घाबरून कुठल्या बँकेने त्याला पहारेकरी म्हणून घेतलं नाही, कुठल्या गिरणीने दाराशी उभं केलं नाही. शेवटी तो विड्याच्या पानांच्या मंडईत पानांच्या जुड्या बांधायला लागला. तोफ ओढणारे हात दिवसभर पानावर पान ठेवायचे. तुळसीला त्यातही काळंबेरं दिसायचं. पान खाल्लं की तोंडाचा वास झाकतो, हे कोणाला माहीत नाही?

आणि ती बाटली कुठे होती? तीन वर्षं हा प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नाही. त्या दिवशी तो घराबाहेर पडला नव्हता, म्हणजे घरातच होती. तिने त्याची लष्करी ट्रंक उलटी केली, तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला, विहिरीत गळ सोडला, माळ्यावरच्या पितळी हंड्यांत एकेक करून डोकावली. बागेत कारल्याच्या वेलाखाली माती सैल दिसली म्हणून खणून पाहिलं, तर तिथे नणंदेने लहानपणी पुरलेली मातीची बाहुली निघाली. बाटली नाही. सापडली नाही म्हणून संशय गेला असं नव्हे, उलट माणूस किती पोचलेला आहे याची खात्री पटली.

एका जागी मात्र तिने हात घातला नव्हता, आणि ती जागा शोधायची राहिली आहे हे तिच्या मनातही आलं नाही. देवघरातलं सासूबाईंचं कपाट. त्यात पूजेचं, पारण्याचं, सोवळ्याचं सामान. आंघोळ करून ओलेत्याने असल्याशिवाय त्याला कोणी शिवायचं नाही, आणि किल्ली नागलक्ष्मीबाईंच्या कमरेला. कांद्याची टोपली समोरून आली तर रस्त्याची कड बदलणारी ती बाई. तिच्या कपाटात दारू शोधायची म्हणजे देवाच्या झडतीला निघायचं.

एक्याण्णव साली पोस्टमनने एक सरकारी पाकीट आणलं आणि ते हयग्रीवाच्या नव्हे, तुळसीच्या नावाचं होतं. पलटणीने काढून टाकल्याचा फेरविचार व्हावा म्हणून हयग्रीवाने अर्ज केला होता, हे तिला त्यावरून कळलं. फेरविचार करणाऱ्या मंडळाने लिहिलं होतं की अर्जदार आपण प्यायलो नव्हतो एवढंच म्हणतो, पुरावा देत नाही. तेव्हा ज्यांच्या सहीवर निर्णय झाला त्यांनी आपला जबाब कायम आहे की बदलायचा आहे ते एकवीस दिवसांत कळवावं. जबाब बदलला तर दाखल्यावरची ओळ खोडण्याचा विचार होईल, कायम असेल तर प्रकरण कायमचं बंद. शहरातल्या एका बँकेला त्याच महिन्यात माजी सैनिक हवा होता. ओळ गेली असती तर हयग्रीवाला तिथे उभं राहता आलं असतं.

त्या दिवसापासून तुळसी नवऱ्यावर दुप्पट पाळत ठेवू लागली. तो एकदा मोगरा घेऊन आला, तिने तो देवाला वाहिला. त्याने न सांगता विहिरीचं पाणी भरलं, तिने मनात म्हटलं, चाललीय लाडीगोडी. गंमत म्हणजे पाकिटाबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही, आणि हीच गोष्ट तिला सगळ्यात खुपली. खरा असता तर भांडला असता, विनवण्या केल्या असत्या. बाराव्या दिवशी तिने मनाशी ठरवून टाकलं की खोटं लिहायचं नाही, जबाब कायम.

तेराव्या दिवशी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. घरात नणंद धनलक्ष्मी बाळंतीण होऊन दहा दिवस झाले होते. तिचा नवरा चोळपुरम्‌हून रोज येऊन बाळाचं तोंड बघून जायचा. बाळंतिणीला दुपारचं औषध द्यायची वेळ झाली तेव्हा नागलक्ष्मीबाईंनी कमरेची किल्ली डाव्या हाताने सोडवली आणि सुनेला सांगितलं की आंघोळ करून ओलेत्याने ये, कपाटातली दशमूलारिष्टाची बाटली काढ. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती किल्ली तुळसीच्या हातात आली.

कपाटात बाटल्या दोन होत्या. पुढची नवी, मागची जुनी, खांद्यावर धूळ साचलेली. तुळसीने नव्या बाटलीचं बूच काढलं आणि तिचं नाक जागं झालं. आंबूस, गोडसर, दारूच्या जातीचं. हाच तो वास. द्वादशीच्या दिवशी विहिरीपाशी, ओकारी आणि कापूर यांच्याखाली. तिने बाटली खिडकीपाशी नेऊन लेबल वाचलं. शाळेत अकरावीपर्यंत शिकलेली असल्याने इंग्रजी वाचता येत होतं. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं की यात आपोआप तयार झालेला मद्यार्क शेकडा आठ. जुन्या बाटलीवरही तेच होतं.

तिने बाळंतिणीला दोन चमचे पाजले, हात पुसले आणि सासूबाईंना सहज विचारावं तसं विचारलं की मागची जुनी बाटली कोणासाठी आणली होती.

"हयग्रीवासाठीं कीं," नागलक्ष्मीबाई म्हणाल्या. "दवाखान्यांतून आला तेव्हां कसा वाळून गेला होता. बाळंतिणीस दोन चमचे देतात. तो शिपाईगडी, त्यास अर्धा तंबलर दिलें. एकच दिवस दिलें हो. द्वादशीस, पारण्यापूर्वीं, तीर्थ दिल्यावर. त्याच दिवशीं माझ्या लेकरास दृष्ट लागली, तेव्हां भ्यालें आणि ठेवून दिलें."

"मज कां सांगितलां नाहींत?"

"तूं त्या डाक्टराच्या गोळीवांचून सुंठेचा काढासुद्धां देऊं देत नव्हतीस. सांगून भांडण कशास?" त्या म्हणाल्या आणि प्लास्टरमधला हात जपून मांडीवर घेतला. "चांगलें औषध. त्यास सोसलें नाहीं, माझें दैव."

त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही सावली नव्हती. तुळसीला मात्र सगळं उलगडलं. तरीसुद्धा तिचा स्वभाव बघा. ती स्वयंपाकघरात गेली, तीच जुनी बाटली घेऊन. तंबलर म्हणजे कॉफीचा पितळी पेला, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं आणि ते थेंब न सांडता बाटलीत ओतलं. पाणी बुचापर्यंत आलं. अर्ध्या तंबलरापेक्षा एक थेंब जास्त गेला नव्हता. मग ती चुलीपाशी बसून रडली. तीन वर्षं तिने ज्या माणसाला कुत्र्यासारखं हुंगलं होतं, तो रोज तिच्यासमोर वाकत होता.

पण रडणं ओसरलं तसा दुसरा संशय वर आला. पिणाऱ्या माणसाला हे काय आहे ते कळलं नसेल?

पावणेसहाला हयग्रीव आला, सायकल टेकवून उंबऱ्यात वाकला. तिने त्याला हुंगलं नाही, मागच्या दारी विहिरीपाशी नेलं. तिथे कट्ट्यावर ती बाटली ठेवलेली होती. बाटली बघून तो दचकला नाही. डोक्यावरचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसा कट्ट्यावर बसला.

"तुम्हांस कधीं कळलें?" तिने विचारलं.

"पहिल्या घोटास."

"मग सांगितलां कां नाहींत?"

"कोणास सांगूं? मी पिलों नाहीं म्हणालों, तूं तोंड उघडा म्हणालीस. दारुड्या म्हणतो अम्मानें देवघरांत पाजली, हें पलटणींत कोण ऐकेल? आणि अम्मास कळलें असतें, कीं तिच्या सोवळ्या हातानें माझ्या पोटांत काय गेलें आणि माझी नोकरी कशानें गेली, तर ती जेवली असती काय पुन्हां?"

विचारू नये असं तुळसीला वाटत होतं, आणि विचारल्यावाचून तिला राहवणार नव्हतं.

"पहिल्या घोटास कळलें," ती म्हणाली. "पहिला घोट अम्मासाठीं. उरलेलें कोणासाठीं पिलां?"

हयग्रीवाने विहिरीत बघितलं. शेजारच्या घरात कोणी कॉफीच्या बिया भाजत होतं, तो वास भिंतीवरून येत होता.

"तें मजसुद्धां ठाऊक नाहीं, तुळसी. अम्मा समोर उभी होती, हें खरें. थुंकायास अवकाश होता, हेंही खरें. थुंकलों नाहीं. तीन वर्षें तूं हुंगतीस, तेव्हां वाटतें, हुंगूं दे, बरोबर करते."

त्याने 'अम्मासाठी' म्हटलं असतं तर तिने त्या रात्री पुन्हा माळा धुंडाळला असता. लबाड माणसाला ते उत्तर हाताशी होतं, आयतं. त्याने ते घेतलं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि या माणसाच्या एखाद्या बोलण्यावर आपला पूर्ण विश्वास बसला आहे असं तिला पहिल्यांदाच वाटलं. ते सुख होतं की दुःख, तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शाळेतल्या वळणदार इंग्रजीत जबाब लिहिला. त्या द्वादशीला पारण्यापूर्वी नवऱ्याला अशक्तपणासाठी दशमूलारिष्ट अर्धा तंबलर दिलं गेलं, त्यात मद्यार्क असतो हे देणारीला ठाऊक नव्हतं, आणि देणारी मी. घरात दारू तीन वर्षं शोधली, सापडली नाही. आधीचा जबाब मी मागे घेते. बाटलीवरचं लेबल तिने वाफेवर सोडवून सोबत जोडलं.

हयग्रीवाने कागद वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "देणारी मी, असें कां लिहिलीस? गोळी सांभाळायास तुजच ठेवलें होतें. तुज मूर्ख म्हणतील."

"म्हणोत. अम्मास विचारायास या घरीं कोणी यायास नको."

"हें खरें नाहीं."

"मागचें होतें काय?" ती म्हणाली आणि कागद त्याच्या हातातून घेऊन पाकिटात घातला.

सासूबाईंना त्यांची किल्ली परत मिळाली. जुनी बाटली कुठे गेली म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा तुळसीने सांगितलं की फुटली. त्या हळहळल्या, चांगलं औषध होतं म्हणाल्या. दुपारी तुळसी पोस्टात जाऊन रजिस्टर करून आली. मंडळ काय ठरवेल हे तिला माहीत नव्हतं. तोवर बँकेची तारीख कदाचित निघूनही जाणार होती. पण कागद तिच्या हातून सुटला होता.

पावणेसहाला सायकल भिंतीला टेकली. आत चुलीपाशी कॉफी तयार होती. हयग्रीव उंबऱ्यात आला, सवयीने थांबला, वाकला आणि त्याने तोंड उघडलं.

"तोंड मिटा," तुळसी म्हणाली. "कापी निवते."

तो तसाच वाकलेला राहिला. सरळ कसं व्हायचं हे त्याला क्षणभर आठवेना. मग तो उभा झाला आणि तिच्या अगदी जवळून, खांद्याला खांदा घासत आत गेला. तो स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तुळसीने आपला श्वास धरून ठेवला.