देणारेही आप्पा, घेणारेही आप्पा

आमच्या गावच्या खासदारांची, म्हणजे आप्पांची, जाकिटं मी शिवते. त्यांचं ऑफिस चौकात आणि माझं दुकान त्याच्या बरोब्बर समोर, त्यामुळे माप घ्यायला मला फक्त रस्ता ओलांडावा लागतो. माप देताना आप्पा श्वास आत ओढून पोट लपवतात आणि मग जाकीट घट्ट झालं म्हणून माझ्यावरच डाफरतात. राजकारणातही त्यांचं असंच आहे. चूक स्वतः करायची आणि तक्रारही स्वतःच करायची.

तुम्हाला वाटेल बाई कुचकट दिसते. आहेच मी कुचकट. पण ऐकून तर घ्या.

आमच्या ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून तीनदा शहरातल्या हॉस्पिटलात मशीनवर बसावं लागतं. एक खेप चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या तर काय होईल ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय आणि ह्यांना ते न सांगताच कळलंय. गावातून शहराला जाणारी बस एकच, सकाळची. त्याच बसने आम्ही जातो, त्याच बसने मास्तरीणबाई जातात, त्यांनाही मशीन लागतं. नर्सिंग शिकणाऱ्या पोरी, बाजारात भाजी नेणाऱ्या बायका, कोर्टाच्या तारखेला जाणारे भांडखोर भाऊ, सगळे त्याच बसमध्ये. खासगी गाडी करायची तर माझं शिवणयंत्र विकूनही फार दिवस निभणार नाही.

तर एक दिवस आप्पांनी राजधानीतून अख्ख्या गावाला व्हिडिओ पाठवला. सभागृहात कुठल्यातरी कायद्यावर मतदान चाललंय आणि आमचे आप्पा मागच्या बाकावर बसून दोन्ही हातांनी बाक बडवताहेत. खाली लिहिलेलं, ‘राष्ट्रहिताच्या ऐतिहासिक क्षणाचा साक्षीदार.’ जाकीट मी शिवलेलं होतं, त्यामुळे मीही तो व्हिडिओ चार जणींना दाखवला. बाक इतक्या जोरात बडवत होते की मला काखेतल्या शिवणीची काळजी वाटली.

आठच दिवसांत बस डेपोतून नोटीस आली. नव्या कायद्याप्रमाणे देशभरातले तोट्यातले बसमार्ग बंद होणार आणि पुढच्या महिन्यापासून आमची बस बंद. म्हणजे आप्पांनी बाक बडवून बडवून जो कायदा पास केला, तो हा! आपण कशाला हो म्हणतोय हे त्यांनी वाचलंसुद्धा नव्हतं. वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावला की फोटोत म्हातारे दिसतात.

मी तशीच ऑफिसात गेले. आप्पा त्याच दिवशी राजधानीहून आले होते. नोटीस वाचून माझ्यापेक्षा तेच जास्त भडकले.

“हा अन्याय आहे वहिनी! घोर अन्याय! कुणी केला हा कायदा?”

“तुम्ही,” मी म्हटलं.

त्यांनी नोटिशीची घडी घालून ती माझ्याच हातात परत दिली. मग टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “आपण मोर्चा काढू.”

आणि खरंच काढला हो! लाज नावाची चीज काही लोकांच्या वाटेलाच जात नाही. आप्पा सगळ्यांत पुढे, गळ्यात फडकं, मूठ वर. “बस आमच्या हक्काची!” त्यांच्या मागे मी आणि आमचे हे. ह्यांना मुद्दाम पुढे घेतलेलं, कारण आजारी माणूस फोटोत उठून दिसतो. हे बिचारे काठी टेकत चालत होते आणि दर चार पावलांवर मला विचारत होते, “अगं, पण आपण चाललोय कुणाकडे?”

प्रश्न रास्त होता. बसस्टॉपवरून निघालेला मोर्चा गावाला वळसा घालून पुन्हा चौकातच आला आणि आप्पांच्या स्वतःच्या ऑफिससमोर थांबला.

आप्पांनी हात वर करून घोषणा थांबवल्या. “निवेदन स्वीकारायला लोकप्रतिनिधींनी बाहेर आलंच पाहिजे!” असं ओरडले. लोकही ओरडले, “आलंच पाहिजे!” मग आप्पा शेजारच्या चहाच्या दुकानातून मागच्या बाजूने आत शिरले. चहावाल्याने त्यांना वाट दिली आणि आमच्याकडे बघून खांदे उडवले. थोड्या वेळाने ऑफिसचं पुढचं दार उघडलं आणि आतून कोण आलं? आप्पा! तोंड धुतलेलं, फडकं काढलेलं, अंगात नवं जाकीट. पायऱ्यांवर उभे राहून हात जोडून विचारतात, “बोला, काय अडचण आहे माझ्या लोकांची?”

मला वाटलं आता हसण्याचा नुसता गडगडाट होईल. एकदोघं फिसकलेही. पण पुढच्या रांगेतल्या एकाने टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळा चौक टाळ्या वाजवायला लागला. धन्य आहे आमच्या गावाची! कुणी डोक्यावर मिरी वाटली, तरी लोक म्हणतील, किती बारीक वाटली!

निवेदन द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी कागद पुढे केला, त्यांनी धरला, पण मी सोडला नाही. फोटोवाला “अजून एक, अजून एक” करत होता.

“आप्पा, हे तुम्ही कुणाला देणार?”

“सरकारला देणार वहिनी. तुमच्या भावना मी वरपर्यंत पोचवणार.”

“वर कोण आहे?”

“आपलंच सरकार आहे!”

पुन्हा टाळ्या. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “बाक तर तुम्हीच बडवत होतात. अख्ख्या गावाने बघितलंय.”

आप्पा गोड हसले. ते हसू मला पाठ आहे, शिलाई कमी करायला सांगताना ते असंच हसतात. माइक जवळ ओढून म्हणाले, “वहिनी, तो राष्ट्राचा प्रश्न होता, हा गावाचा आहे. राजधानीत मी राष्ट्राचा, गावात मी गावाचा. दोन्हीकडे मी मागे हटलो नाही!”

“मग आमची बस राष्ट्रात चालते की गावात, तेवढं सांगा.”

पहिल्यांदाच कुणी टाळी वाजवली नाही. मागून नर्सिंगच्या पोरींपैकी कुणीतरी म्हणाली, “सांगा की!” मग आणखी एक आवाज आला. आप्पांनी एकदा गर्दीकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि तिथेच त्यांच्या डोक्यात किडा वळवळला असणार. ते पायऱ्या उतरले, ह्यांना मिठी मारली आणि भरल्या गळ्याने माइकवर म्हणाले, “या माझ्या भावाला बस नाही म्हणून मरू देईन का मी? आजपासून माझी स्वतःची गाडी याला हॉस्पिटलात नेईल. आठवड्यातून तीनदा! हा माझा शब्द आहे!”

टाळ्यांनी कानठळ्या बसल्या. बायका डोळे पुसत होत्या. कागद माझ्या हातून कधी सुटला मला कळलंच नाही.

झालं. आंदोलन तिथेच गार पडलं. दुसऱ्या दिवशी मी चार घरं फिरले, डेपोवर जाऊन बसू म्हणून. जिथे जावं तिथे एकच, “तुझं काम झालं ना? मग आता कशाला?” भाजीवाली तर तोंडावर म्हणाली, “आम्हाला पुढे करून गाडी मिळवलीस.” रडायला आलं मला. आप्पांना बस सुरू करायची नव्हतीच. त्यांना फक्त सगळ्यांत जास्त ओरडणाऱ्या बाईचं तोंड बंद करायचं होतं, आणि ते त्यांनी कसं चोख केलं बघा. बाकी सगळं अर्धवट करतात, पण हे काम नीट.

गाडी नाकारावी असं वाटत होतं. पण तत्त्व वगैरे ज्यांची मूत्रपिंडं शाबूत आहेत त्यांनी सांभाळावं. मी नवऱ्याच्या पायांकडे बघितलं आणि गाडीला हो म्हटलं.

बस बंद झाली, आणि आमच्या मशीनच्या दिवशी गाडी दारात आली. थंडगार हवा, पांढरीशुभ्र सीट कव्हरं, काचेवर आप्पांचं हसरं तोंड. ड्रायव्हर आमच्याच गावचा, पण त्या गाडीत बसला की त्याची मान ताठते. आम्ही मागे बसलो. गाडी चौक ओलांडून बसस्टॉपजवळ आली आणि मला मास्तरीणबाई दिसल्या.

बस बंद झालीय हे त्यांना ठाऊक होतं. तरी उभ्या होत्या, हातात हॉस्पिटलची फाईल, कुणी नेईल का बघत. आम्हाला बघून त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

“थांब जरा,” मी म्हटलं.

“नाही काकू. आप्पांची सक्त ताकीद आहे. फक्त तुम्ही दोघं. इतरांना सवय लावायची नाही.”

“अरे, त्यांनाही मशीन लागतं!”

“माझी नोकरी जाईल काकू,” तो म्हणाला आणि गाडी पुढे काढली. मी मागच्या काचेतून बघत राहिले. ओरडायचं होतं, पण ओरडले नाही. आमची जागा पक्की होती ना! मेल्या जागेने माझी जीभच धरून ठेवली.

तेवढ्यात हे, जे मोर्चापासून एक शब्द बोलले नव्हते, तोंडावर हात ठेवून पुढे वाकले. “थांबव रे बाबा, मला उलटी होतेय.”

ड्रायव्हरने पांढरी कव्हरं आठवून असा ब्रेक मारला की मी पुढच्या सीटवर आपटले. ह्यांनी दार उघडलं, शांतपणे खाली उतरले आणि काठी उंच करून हाक मारली, “मास्तरीणबाई, या लवकर! मी पुढे बसतो.”

उलटी ना बिलटी! एकवीस वर्षांच्या संसारात मला कळलं नव्हतं की हा माणूस इतका लबाड आहे. मला असं भरून आलं की काय सांगू.

मास्तरीणबाई येऊन माझ्या शेजारी बसल्या. फाईल छातीशी धरून त्या नुसत्या धापा टाकत होत्या. ड्रायव्हर घामाघूम. त्याने आप्पांना फोन लावला, हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि मग फोन माझ्याकडे दिला.

“वहिनी, हे बरोबर नाही,” आप्पा म्हणाले. माइकवरचा भरला गळा आता कोरडा ठणठणीत होता. “आज एकीला बसवलंत, उद्या त्या स्टॉपवर दहा जण उभे राहतील!”

“राहतील की,” मी म्हटलं. “रोज दहा जण उभे राहायचेच तिथे. त्यालाच बस म्हणतात, आप्पा.”

मी फोन ड्रायव्हरच्या हातात दिला आणि म्हटलं, “चल आता, दोघांची मशीनची वेळ होतेय.”