मोहोळाचा पत्ता

गुडघा नवा बसवून घ्यायचा म्हणून मी लेकीकडे येऊन पडले, पण माझे कान माझ्याच गच्चीवर राहिले. हे बोलायचं म्हणून बोलत नाही. निघायच्या आधी लेकीने माझ्या मधमाश्यांच्या पेटीत, झाकणाखाली, वाटाण्याएवढा माइक बसवला. त्याची वायर शेजारच्या एका डबीला जोडली. आणि आता इतक्या लांबून मी मोबाइल कानाला लावला की माझं मोहोळ घुमताना ऐकू येतं.

कारण तसंच होतं. राणी म्हातारी झालेली. अशा वेळी पोळ्यात नव्या राण्या तयार होतात. पहिली बाहेर पडली की ती हाका मारते, आणि वेळीच हात घातला नाही तर निम्म्या माश्या घेऊन उडून जाते. तिच्यामागून दुसरी, तिसरी गेली की मागे राहतं ते मूठभर. हे मोहोळ मी एका तुटक्या खोक्यातून वाढवलंय, ते असं वाऱ्यावर सोडणार नव्हते. आणि घरी कोण? तर आमचे हे. माशी दिसली की जिन्याचं दार लावून घेणारे.

एके दिवशी दुपारी मोबाइल उघडला तर घुमणं नाही. पडद्यावर ओळ आली: प्रिंटरमध्ये कागद नाही.

"हे काय गं?" मी लेकीला म्हटलं. "मी मोहोळाला हाक मारते आणि प्रिंटर ओ देतो?"

तिने बघितलं आणि आधी बापालाच फोन लावला. "बाबा, घरातली लाइट गेली होती का?"

"गेली नव्हती, मी घालवली," हे ऐटीत म्हणाले. "न्हाव्याकडे गेलो होतो. बाहेर पडताना मेन स्विच बंद, हा तुझ्या आईचा नियम."

"जन्मात माझं काही ऐकलं नाहीत," मी मधेच म्हटलं, "आणि ऐकलंत ते नेमकं हेच!"

लेक हसायची थांबली तेव्हा तिने मला समजावलं. इंटरनेटच्या रस्त्यावरून आमच्या घराचा पत्ता कायमचा आहे, तो तिने कंपनीकडून मागून घेतलाय. पण घराच्या आत राउटर बसलाय. टीव्ही, प्रिंटर, मोबाइल, पेटीजवळची डबी, सगळ्यांना तो आतले पत्ते वाटतो. लाइट जाऊन आली की सगळे पुन्हा त्याच्यापुढे उभे, आणि मिळेल तो पत्ता घेऊन मोकळे. तिने राउटरला सांगून ठेवलं होतं की बाहेरून अमुक नंबरच्या दारावर कुणी आलं तर त्याला अमुक पत्त्यावर पोचव. त्या दाराला पोर्ट म्हणतात. पोचवणारा बिचारा इमानदार होता, पण त्या पत्त्यावर आता प्रिंटर जाऊन बसला होता.

"माझ्या घरात कुणी कुठे बसायचं ते मी ठरवते," मी म्हटलं. "ह्या राउटरला कुणी वळण लावलं नाही?"

"लावता येतं, आई. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच आपला एक नंबर मिळालेला असतो. तो ओळखून ठेव, ह्याची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, असं सांगायचं."

"मग आधीच का नाही सांगितलंस?"

"राहिलं."

"एवढं शिकवून ठेवलंय हो मी हिला," मी फोनमध्ये म्हटलं.

मग ह्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. एका बोटाने टाइप करतात, तेसुद्धा बोट आधी हवेत फिरवून. राउटरच्या यादीत टीव्ही सापडला, प्रिंटर सापडला, आणि दोन बिननावाचे निघाले. त्यातली डबी कोणती? तिचा नंबर तिच्या पोटाखाली चिकटवलेला. डबी गच्चीवर, पेटीला लागून.

फोनवर जिन्याचं दार लावल्याचा आवाज आला.

"अहो, ऐकताय ना?"

"अगं, त्या चावतात."

"इतकी वर्षं माझ्याशी संसार केलात. माशी काय आणखी वेगळं करणार आहे?"

गेले बाई. धापा टाकत, कुजबुजत नंबर वाचून दाखवला, जणू माश्यांना कळलं तर त्या रागावतील. खाली येऊन एकेक अक्षर भरलं. लेकीने खात्री करायला मेन बंद करून परत चालू करायला लावलं.

मी मोबाइल कानाला लावला आणि माझ्या अंगावर काटा आला.

तेच घुमणं, पोटातून येणारं. आणि त्याच्यावर एक लांब बारीक सूर, टीऽऽऽ, टी, टी, टी. मग आतून, मेणाच्या बंद घरट्यांतून, दबकी उत्तरं, क्वक्, क्वक्. नवी राणी मोकळी झाली होती आणि कोंडलेल्या बहिणी तिला जाब देत होत्या. हा आवाज मी पेटीला कान लावून ऐकलाय, श्वास रोखून. आज तो गच्चीवरून निघाला, घरातून उतरला, कुठकुठल्या रस्त्यांनी, किती दारांवरून गेला असेल, पण एकही दार चुकला नाही. करोडो घरांतून माझ्याच उशाशी आला. मी लेकीच्या कानाला मोबाइल लावला. हे सगळं जिने जुळवलं तीच तोंड उघडं टाकून ऐकत बसली.

पण वेळ नव्हता. मी ह्यांना सांगितलं, जाळी चढवा, हातमोजे घाला, धूर द्या. भुईमुगाच्या शेंगेसारखी लटकलेली राण्यांची घरटी पोळ्याच्या ज्या चौकटीवर असतील ती माश्यांसकट उचला आणि रिकाम्या पेटीत ठेवा. मोकळी राणी तिच्यावर नाही ना, ते बघा. तीनदा वदवून घेतलं. हातमोज्यांत फोन धरता येईना म्हणून तो खालीच ठेवून गेले.

आता माझ्याकडे फक्त तो वाटाणा. झाकण सरकलं. घुमणं एकदम चढलं. आणि त्या गदारोळात ह्यांचा आवाज: "अहो, जरा बाजूला व्हा... नाही नाही, तुम्ही बसा... मी फक्त ही एवढी उचलतो." माश्यांना अहो-जाहो! मेण तुटल्याची कटकट. "आई गं!" म्हणजे एक चावली. तरी पावलं पळाली नाहीत. दुसरं झाकण वाजलं. मग हे झाकण बसलं.

घुमणं हळूहळू खाली आलं. राणीने सूर काढला, टीऽऽऽ. मी कान टवकारले. उत्तर नाही. तिने पुन्हा हाक दिली. आतून कुणीच बोललं नाही. सगळी घरटी शेजारी गेली होती. टक्कर द्यायला कुणी उरलंच नाही, आता ती कशाला उडून जाते?

"झालं का गं बरोबर?" हे पेटीजवळ तोंड आणून विचारत होते.

"झालं! अगदी बरोबर झालं!" मी ओरडले.

"आई, तिकडून इकडेच येतं," लेक म्हणाली. "इकडचं तिकडे जात नाही."

त्यांना खाली जाऊन फोन घेता आला असता. पण ते तिथेच बसले, जिन्याच्या दाराकडे पाठ करून असावेत. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, त्याखाली मोहोळ, आणि मधूनच तो सूर. जरा वेळाने त्यांनी आवाज आणखी खाली आणून पुन्हा विचारलं, "ऐकतेयस ना? ही एकटीच काय बोलतेय गं?"

आणि मी, जिने आमच्या घरात शेवटचा शब्द कधी दुसऱ्या कुणाला बोलू दिला नाही, मोबाइल कानाशी धरून गप्प ऐकत राहिले.