झुलालभाऊंची केळी

सोमवारी सकाळी पारोळ्याच्या जिनिंग सोसायटीत काट्यावर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, तरी व्यवस्थापकांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावून घेतले. लीलाधर साहेब धुळ्याहून नवेच बदलून आले होते. हौशी माणूस. केसांवरचा कापूस झटकत ते म्हणाले, "आपण एका छपराखाली राबतो, पण एकमेकांच्या घरची चव कुणाला माहीत आहे का? यापुढे दर महिन्याचा शेवटचा शनिवार हा आपला स्नेह-शनिवार. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा आणि एका पंगतीत जेवायचं. साहेब-शिपाई असा भेद नाही."

टाळ्या पडल्या. गौतमीनेही वाजवल्या. उन्हाळ्यात वडील गेले आणि त्यांच्या जागी ती इथे कारकून म्हणून लागली. वडील झुलालभाऊ शिपाई होते, ही बी.ए. झालेली. अजून तिला कुणी जेवायला हाक मारली नव्हती. आता मारतील, असे तिला वाटले.

वाटणी हेडक्लार्क रतिलालनानांकडे आली. "लिलाबाई, तुम्ही पुऱ्या. मंदाबाई, भरीत तुमचं. हिरवी वांगी घ्या, अन् तेलाला हात आखडू नका!"

"नाना, तुम्ही फक्त जिभेला पाणी आणा," मंदाबाई म्हणाल्या, आणि शेड हसले.

"देवचंद, पत्रावळी तुझ्याकडे. गौतमी, तू केळी."

"नाना, मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणू का? आईच्या हातची फार चांगली होते."

नाना मायेने हसले. "भाकरी कशाला, पोरी? केळी हा तुझ्या वडिलांचा मान आहे. इतकी वर्षं इथल्या प्रत्येक कार्यक्रमाला झुलालभाऊच केळी आणायचा. एका फळाला डाग नसायचा."

तिचे डोळे भरून आले. वडील बाजारात केळीच्या फण्या उचलून, फिरवून, वास घेऊन निवडत. ती लहानपणी पिशवी धरून उभी राही. आपल्या बापाला फळांची पारख आहे, याचा तिला केवढा अभिमान होता!

पण दिवसभर तिचे टाइपरायटरवर लक्ष लागेना. बोटे चुकत होती. फाटकावरचा देवचंद तिच्याच वस्तीतला. त्याच्याकडे पत्रावळी, आपल्याकडे केळी. चुलीवर शिजलेले आपल्या दोघांकडेच कसे नाही? ती उठली, माठापाशी गेली, पाणी न पिताच परत आली.

संध्याकाळी घरी तिच्या आई द्रौपदाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आई, बाबा नेहमी केळीच का न्यायचे?"

आईचा हात थांबला. "कसाले इचारस?"

"सांग ना."

"केळाले साल ऱ्हास, बेटा." आई सुपातच बघत राहिली. "वरतून आपला हात लागो, आतलं त्यासनं त्यासले चालस. एकदाव तुना बाबा घरना लाडू लई गयथात. बठ्ठा लाडू डबामा तसाच परत उनात. तवयपासून केळंच."

"आणि बाबांना हे माहीत होतं?"

"माहीत नई व्हई का? पोरले सांगू नको म्हनेत. तिले वाटू दे, बापले पारख शे."

गौतमी अंगणात गेली, आत आली, पुन्हा अंगणात गेली. वडिलांसाठी अजून ती मोकळेपणाने रडली नव्हती. आताही रडली नाही. मग ती एवढेच म्हणाली, "आई, शनिवारी दूध जास्त घे."

शनिवारी शेडमध्ये पंगत बसली. भरिताचा वास घमघमत होता. गौतमीने वडिलांचा पितळी डबा मध्ये ठेवला आणि झाकण काढले. वेलची घातलेले शिकरण होते.

"हे काय?" नानांनी विचारले. "तुला तर केळी सांगितली होती."

"केळीच आहेत, नाना. बाबा घ्यायचे त्याच बाजारातली. सालं तेवढी घरी राहिली."

ती पळी घेऊन ओळीने निघाली. लिलाबाईंनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "मला दुधाने कफ होतो गं." नाना म्हणाले, "माझा आज शनिवार." त्यांच्या ओठाला भरीत लागलेले होते. मंदाबाई खाली बघत पुरीचे तुकडे करत राहिल्या. लीलाधर साहेबांपाशी ती थांबली. त्यांनी द्रोण उचलला, नानांकडे पाहिले आणि हळूच खाली ठेवला.

"गौतमी," ते पुटपुटले, "पुढच्या वेळी साधी केळीच आण. सुरुवातीलाच वाद नको."

"साहेब, वाद मी केलेला नाही. तुम्ही घरची चव म्हणालात. ही आमच्या घरची आहे."

देवचंद पंगतीच्या टोकाला बसला होता. त्याने द्रोण पुढे केला. "वाढ बेटा. भरीसन वाढ." गौतमीने त्याला वाढले, स्वतःला वाढून घेतले आणि पंगतीच्या मधोमध बसून सावकाश खाल्ले. डबा तिने तसाच उघडा राहू दिला. जेवणे संपेपर्यंत प्रत्येकाला तो ओलांडूनच हात धुवायला जावे लागले.

घरी आईने जड डबा हातात घेतला, आणि तिला कळायचे ते कळले.

"कोनी खादं?"

"देवचंदभाऊंनी. आणि मी."

आई बराच वेळ डब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "पुढला महिनामा?"

"हेच," गौतमी म्हणाली. "आणि संगे तुनी भाकर."

द्रौपदाबाईंनी उरलेले शिकरण शेजारच्या पोरांना वाटले आणि डबा चिंच लावून घासायला घेतला.