पिवळ्या डब्यातली

"एक चमचा जाग्यावर सापडंन तं शपथ," मागच्या पडवीतून बाबारावांचं पुटपुटणं आलं. "या घरातल्या वस्तूले पाय फुटले सारे."

स्वयंपाकघरात कांदा चिरत बसलेल्या नलूने नवऱ्याचं ते बोलणं ऐकलं आणि कांदा आणखी बारीक केला. मसाल्याच्या डब्यातला तो इवला चमचा तिनेच सकाळी तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पुरला होता. आधीचे तीन चमचे दारूला लागले होते. बंदुकीच्या दारूला. बाबाराव तिला नुसतं दारू म्हणत, त्यांचे वडीलही तेच म्हणत, आणि या घरात तो शब्द मीठ-मिरचीसारखा सहज बोलला जाई. चार वर्षांपूर्वीपर्यंत तरी.

बाबारावांनी यवतमाळच्या एका जिनिंगमालकाच्या मागे सव्वीस वर्षं रिव्हॉल्व्हर लावून फिरण्याची नोकरी केली. नोकरी संपली, रिव्हॉल्व्हर राहिलं, परवानाही राहिला. परवान्यावर मिळणाऱ्या मोजक्या गोळ्या त्यांना पुरत नसत. मग झाडलेल्या गोळ्यांची पितळी टरफलं वेचून आणायची आणि घरीच पुन्हा भरायची. कायद्यात बसत नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तर समोरचा ऐसपैस ओटा सोडून ते मागे, मोरीच्या शेजारी बसत.

आज त्यांच्यापुढे तीन डबे उघडे होते. जुन्या पेपरवर तीन ढिगुल्या काढलेल्या. एकीतली चिमूट ते उन्हात धरत, बोटांत फिरवत, नाकाशी नेत, आणि लग्नाचा तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखी मान हलवत. नलूने पदर नाकाला लावला. तो वास तिला कळायचा. मोरीत कितीही फिनेल ओता, तो त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांत राही, उशीच्या खोळीत राही, आणि जेवताना भाकरीचा तुकडा मोडणाऱ्या त्यांच्या बोटांतून तिच्या ताटापर्यंत येई.

"नलू, हे पाह्य जरा. ही मोकळी वाटते का नाही? मांगची दमट निघाली होती."

"मले काहून विचारता? मी काय शिजवून राह्यली का ते?"

"तुह्या हाताले पारख आहे म्हणून विचारलं."

"माह्या हाताचं राहू द्या. राजदीपले पाहाले पाव्हणे बाराच्या गाडीनं येऊन राह्यले कळंबहून. उचला ते समदं."

बाबारावांनी डब्यांची झाकणं एकेक करून लावली. त्यांतला एक वनस्पती तुपाचा पिवळा डबा होता, कडेला काळा पडलेला. चार वर्षांत तो डबा नलूने दोनदा कचऱ्यात टाकला आणि दोन्ही वेळा बाबारावांनी तो परत आणून धुतला. डबा मजबूत आहे म्हणे.

उठताना ते तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अन् आयक. त्याहीनं विचारलंच तं सांगजो, राजदीपनं सोडली. चार वर्सं झाली, थेंबाले शिवला नाही. बस. खोटं काय आहे त्याच्यात?"

नलूने विळी आडवी केली आणि हात धुवायला गेली. कांदा चिरलेला हात तिने साबण लावून तीनदा धुतला.

पुढच्या खोलीत राजदीप, तिचा दीर, डाव्या हाताने शर्टाचं बटण लावत होता. उजव्या हाताची मधली तीन बोटं एकमेकांना चिकटून बरी झाली होती. भाजलेली कातडी वितळून थिजल्यासारखी चकचकीत. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तो लेथवर होता. आता एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो.

"वयनी, हे मनगटाचं तेवढं लावून द्या."

तिने बाही ओढून बटण लावलं. सासू गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून त्याची बटणं तिच्याकडेच होती. मध्यंतरी काही वर्षं सुट्टी मिळाली, एवढंच.

"जमते वाटते का?" तिने विचारलं.

"आधीच्या तीन जणी फोनवरच नाही म्हणाल्या. ही तं येऊन राह्यली," तो हसला. "चहाचा तरी फायदा."

चार वर्षांपूर्वी दिवाळीत त्याचा हात भाजला तो असा. हवी ती दारू मिळेना म्हणून बाबारावांनी कुणाकडून तरी फटाक्यांतली काढलेली आणली, त्या पिवळ्या डब्यात. राजदीपने ती पाहिली आणि म्हणाला, "दादा, ही वेगळीच दिसते. नको भरू." बाबाराव म्हणाले, "सव्वीस वर्सं बंदूक मी वागवली का तू? दाब." दादा म्हणाला म्हणून त्याने टरफलात गोळी दाबली. पडवीभर पांढरा उजेड झाला.

दवाखान्यात बाबारावांनी डॉक्टरला सांगितलं, हातात फटाका फुटला. बाहेर बाकावर बसलेल्या नलूला तोवर कुणी काही पढवलं नव्हतं. राजदीपच्या कंपनीतला सुपरवायझर धावत आला, म्हणाला, "वहिनी, झालं तरी कसं?" आणि नलू पदरात तोंड घालून म्हणाली, "दारूनं घात केला हो भाऊ, दारूनं."

त्या भल्या माणसाने सुस्कारा सोडला, मान हलवली आणि निघून गेला. दारू पिऊन हातात फटाका धरला, असं संध्याकाळपर्यंत सगळ्या लोहाऱ्याला कळलं होतं. ती खरंच बोलली होती. एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने घाबरून बाबारावांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी दवाखान्याच्या खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "राहू दे तसंच. नाहीतं परवाना जाईन, अन् मी आत जाईन." राजदीपने खाटेवरून डोळे उघडून दादाकडे पाहिलं आणि मिटून घेतले. तेव्हापासून दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाशी आलं, मद्याचं, की मागच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत. राजदीप ते शील सगळ्यांत खणखणीत म्हणे. त्याने आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतलं होतं.

पाहुणे साडेबाराला आले. विठ्ठलराव, सोबत त्यांची मुलगी संगीता. ती कळंबकडे अंगणवाडीत होती. वयाने पस्तिशीची, डोक्यावर पदर नाही, हातात घड्याळ. तिचं पहिलं लग्न मोडलेलं. का मोडलं ते मध्यस्थाने आधीच सांगितलं होतं. नवरा प्यायचा.

"जयभीम, जयभीम," झालं. पोहे आले. विठ्ठलरावांनी दोन घास खाल्ले आणि बशी खाली ठेवली.

"बाबारावजी, आडून बोलणं मले जमत नाही. एकदा माही पोरगी पोळली आहे. तुमच्या भावाबद्दल आयकलं ते आयकलं. माणूस बदलते, हे मी मानतो. पण त्याहीनं त्या मूर्तीसमोर हात जोडून सांगावं, पुन्हा दारूले हात लावणार नाही. मंग आमचं काही म्हणणं नाही."

"आत्ता सांगते नं!" बाबाराव उत्साहाने म्हणाले. "राजदीप, ऊठ बापू. मोठ्या माणसाचा शब्द आहे."

राजदीप उठला. कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीसमोर त्याने हात जोडले. डावा तळवा सरळ, उजवा त्याला टेकलेला, वाकडा. "दारूले हात लावणार नाही," तो म्हणाला. आवाजात ना राग, ना लाज. शाळेतली प्रतिज्ञा म्हणावी तसा.

"मी हमी देतो," बाबाराव म्हणाले आणि पोह्यांचा घास घेतला. त्यांच्या नखांत काळ्या कोरी तशाच होत्या. पाहुणे येणार म्हणूनही त्यांनी हात नीट धुतले नव्हते. एक दाणा मिशीला चिकटला. नलूने नजर फिरवली. 

"मले एक विचारायचं होतं," संगीता म्हणाली. ती राजदीपच्या हाताकडे पाहत होती, आणि बाकीचे लोक पाहत तसं चोरून नाही. "कोणती पित होते तुम्ही?"

राजदीप गोंधळला. "म्हणजे?"

"नाव असंन नं काही. माहा नवरा बूच उघडल्याच्या आवाजावरून सांगे, कोणती आहे ते."

"देशीच," बाबाराव मधे पडले. "आमच्यासारख्या गरिबाले काय—"

"मी याहीले विचारलं, काका."

राजदीपने दादाकडे पाहिलं. पाढा न आलेलं पोर मास्तरांकडे पाहतं तसं. "पांढरी," शेवटी तो म्हणाला.

"पांढरी? दुधासारखी?"

"हाव," त्याने जीव लावून मान डोलावली. "दुधासारखीच."

संगीताच्या ओठाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. विठ्ठलराव मुलीकडे पाहू लागले. बाबारावांनी चहाचा कप उचलला, बशीत ओतला, फुंकर घातली. ती फुंकर खोलीत फार वेळ ऐकू येत राहिली.

नलू उठली. तिच्या मागे बाबारावांचा आवाज आला, "नलू, साखर कमी झाली व्हय." ती पडवीत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तुपाचा डबा होता, आणि तो तिने पोह्यांच्या बशांमध्ये, पाहुण्यांसमोर ठेवला.

"नलू," बाबाराव म्हणाले. नुसतं एवढंच.

"ही," नलू संगीताला म्हणाली. "या पिवळ्या डब्यातली. प्यायची नव्हती ती, बाई. बंदुकीची होती. याहीनं आणली, याहीनंच निवडली, अन् राजदीपच्या हातून भरून घेतली. तो नको म्हणत होता."