छताचे पत्रे कुठे आहेत?

पहिल्याच दिवशी बोनिटो रेडिओच्या प्रमुख मिरियम तेइओलींनी फ्लोरिसच्या हातात रेकॉर्डर आणि नेमणुकीचं पत्र ठेवलं. सहा महिन्यांची उमेदवारी, राजकीय बातम्यांचा विभाग, दर पंधरवड्याला पगार, असं त्या पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं.

सकाळच्या कार्यक्रमाचा निवेदक क्लेमेंट ते पत्र वाचून हसला. "शिकाऊ पोरीला पगार? आंटी, मी तर पहिलं वर्ष फुकट राबलो."

"आणि वर्षभर जेवलास कुणाकडे?" मिरियमआंटींनी चष्म्यावरून पाहत विचारलं. "मंत्री जमायचे त्याच हॉटेलात ना? म्हणून तर तुझी त्या वर्षातली एकही बातमी आज कुणाला आठवत नाही."

क्लेमेंटनेही हसून कान पकडले. बोनिटो रेडिओ म्हणजे राजधानी होनियारातल्या कुकुम रस्त्यावर, एका चिनी दुकानाच्या माडीवरच्या तीन खोल्या. तो चालवणारी बाई मात्र अशी, की तिच्यापुढे बसताना खासदारही आधी शर्टाची बटणं लावायचे.

फ्लोरिस क्वाइमानी बावीस वर्षांची होती आणि घाबरणं तिच्या स्वभावातच नव्हतं. चौदाव्या वर्षापासून ती चर्चमध्ये सूचना वाचायची. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून वाचायची. महिन्याभरात ती संसदेच्या टेकडीवर कोण कुणाशी बोलत नाही हे शिकली, आणि दुसऱ्या महिन्यात ते का बोलत नाहीत हेही.

तेवढ्यात सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव दाखल झाला आणि मंत्र्यांची रेडिओवर रांग लागली. ज्याला त्याला आपण केलेली कामं सांगायची होती. जॉब मानेओरा या मंत्र्यांनी तर छापील यादीच पाठवली. त्यांचा मतदारसंघ मलाइता बेटाच्या दक्षिण टोकाचा. यादीत सातव्या क्रमांकावर होतं: 'हाउताइ गावचा दवाखाना पूर्ण. मार्च महिन्यात उद्घाटन.'

सोमवारी सकाळी क्लेमेंट त्यांची मुलाखत घेणार होता. प्रश्न काढून ठेवायचं काम फ्लोरिसकडे आलं. यादीतला प्रत्येक दावा पडताळायचा, असं तिने ठरवलं आणि फोन घेऊन बसली. हाउताइत फोनला रेंज नाही. तिथली नर्स, सिस्टर अग्नेस, रोज दुपारी चार वाजता मागच्या डोंगरावर चढते आणि तिथून बोलते, हे तिला आईच्या माहेरच्यांकडून ठाऊक होतं. शुक्रवारी चारला तिने फोन लावला.

"सिस्टर, तुमचं बोलणं मी रेकॉर्ड करतेय, रेडिओवर लावणार आहे. चालेल ना?"

"चालेल की. कोणीतरी विचारतंय हेच पुष्कळ."

"नवा दवाखाना कसा चाललाय?"

"कुठला नवा?" पलीकडून धाप लागलेल्या आवाजात हसू आलं. "चार भिंती आहेत, बाळा. वर आभाळ. मार्चमध्ये मंत्री आले, फीत कापली, डुक्कर कापलं, गेले. बाळंतपणं मी चर्चच्या स्वयंपाकघरात करते. गेल्या आठवड्यात पाऊस आला तेव्हा मी एका हाताने ताडपत्री धरली होती आणि दुसऱ्या हाताने पोर."

"आणि छप्पर?"

"पत्रे होनियाराहून निघाले, असं ऐकते. ऑगस्टपासून ऐकतेच आहे."

फ्लोरिस शनिवारी सकाळी धक्क्यावर गेली. गोदामाचा रखवालदार पॅट्रिक, सुपारीने तोंड लालभडक झालेला, तिला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. नालीदार पत्र्यांची चळत पडून होती. प्रत्येक गठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने 'हाउताइ' लिहिलेलं. वरच्या गठ्ठ्यावर मांजर व्यायली होती आणि चार पिल्लं दूध पीत होती.

"ऑगस्टपासून इथंच," पॅट्रिक म्हणाला. "न्यायला कुणी बोटच पाठवली नाही. मी तीनदा कळवलं त्यांच्या ऑफिसात. लिही माझं नाव, मी काय चोरी केलीय का!"

तिने फोटो काढले, गठ्ठे मोजले, पॅट्रिकचा आवाज टिपला आणि तिथूनच मिरियमआंटींचं घर गाठलं. सगळं ऐकवून झाल्यावर ती म्हणाली, "आंटी, एक गोष्ट आधीच सांगते. जॉब मानेओरा माझ्या आईचे चुलतभाऊ. मी त्यांना मामा म्हणते. अडचण वाटत असेल तर हे सगळं क्लेमेंटकडे देते."

मिरियमआंटींनी रेकॉर्डर बंद केला. मग म्हणाल्या, "या गावात प्रत्येकजण कुणाचा तरी वांटोक आहे. असा एका भाषेचा, एका रक्ताचा माणूस नको म्हटलं तर रेडिओला कुलूपच लावावं लागेल. डोंगरावरच्या बाईला तू शोधलंस, पत्रे तू मोजलेस. मुलाखत तूच घे. फक्त नातं आधी श्रोत्यांना सांग. आणि ऐक, प्रश्न विचारलास की गप्प बस. उत्तर देणं त्यांचं काम आहे."

रविवारी फ्लोरिस चर्चहून घरी आली तर दारात वीस किलो तांदळाची गोणी. मंत्र्यांचा ड्रायव्हर ठेवून गेला होता. आई खुशीत होती, तिने पातेलंसुद्धा घासून ठेवलं होतं.

"बघ, कळलं तुझ्या मामाला तू रेडिओवर लागलीस ते. आठवण ठेवली हो त्याने."

"आई, ही परत जाणार."

"वेड लागलंय का तुला? भावाने बहिणीला तांदूळ पाठवायचा नाही?"

"गेल्या वर्षी पाठवला होता? त्याच्या आधी? बाबा गेले तेव्हा?"

आईने पातेलं आपटलं. "पगार मिळतो म्हणून एवढा माज आलाय तुला!"

"हो, पगार मिळतो म्हणूनच," फ्लोरिस म्हणाली आणि गोणी खांद्यावर घेतली. बसमध्ये कंडक्टरने डोळे मोठे केले. "ताई, लोक मंत्र्याच्या बंगल्यावरून तांदूळ आणतात, तू तिकडे घेऊन निघालीस?" सगळी बस हसली, तीही हसली. बंगल्याच्या फाटकावर तिने गोणी उतरवली, पोचपावतीवर सही घेतली आणि घरी येऊन आईने रागारागात उकडलेला कसाव्याचा कंद पोटभर खाल्ला.

सोमवारी सकाळी सात वाजता जॉब मानेओरा फुलाफुलांच्या शर्टात स्टुडिओत शिरले. क्लेमेंटच्या जागी भाची पाहून त्यांचा चेहरा खुलला. लाल दिवा लागला.

"नमस्कार. मी फ्लोरिस क्वाइमानी. आजचे पाहुणे मंत्री जॉब मानेओरा माझ्या आईचे चुलतभाऊ आहेत, हे श्रोत्यांना ठाऊक असावं. या खोलीत मात्र मी त्यांना मंत्रीमहोदय म्हणणार."

मंत्री मोठ्याने हसले. पहिली दहा मिनिटं त्यांनी यादी वाचली. तिने वाचू दिली. मग सिस्टर अग्नेसचा आवाज लावला, ताडपत्री, पोर, सगळं. त्यामागोमाग पॅट्रिकचा. ते संपल्यावर तिने विचारलं, "मंत्रीमहोदय, हाउताइच्या छताचे पत्रे कुठे आहेत?"

मंत्र्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. क्लेमेंट काचेपलीकडून हात हलवून सांगत होता, बोल, काहीतरी बोल. रेडिओवर तीन सेकंद आवाज नसला तरी यंत्र बिघडलं असं वाटतं. इथे पाच झाले, आठ झाले. मामाच्या कपाळावरचा घाम पाहून फ्लोरिसला क्षणभर वाईटही वाटलं. पण ती हलली नाही. काचेपलीकडे मिरियमआंटींनी क्लेमेंटचा हात धरून खाली केला.

अकराव्या सेकंदाला मंत्री म्हणाले, "पत्रे... होनियारात आहेत."

"मग मार्चमध्ये उद्घाटन कशाचं झालं?"

"भिंतींचं," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांनाच ऐकू आलं.

"बोट कधी निघेल?"

"पंधरा तारखेला. नक्की."

"श्रोतेहो, पंधरा तारीख लिहून ठेवा," फ्लोरिस म्हणाली.

बाहेर जिन्यात त्यांनी तिला गाठलं. "घरचं माणूस म्हणून आलो होतो मी. आता तुझ्या आईलाच सांगतो."

"तिने ऐकलंय, मामा. बाजारात तिच्या शेजारच्या टपरीवर रेडिओ असतो. हाउताइतही ऐकलंय. आणि रागवा हवं तर, पण बोट पाठवा. सिस्टरच्या हातात एका वेळी एकच बाळ मावतं."

ते जिना उतरून गेले.

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना एक मोठा मासा घेऊन आली. "हाउताइच्या बायकांनी दिला," ती म्हणाली. "पैसे घेईनात. हाही परत करायचाय का?"

फ्लोरिस विचारात पडली. "त्या निवडणुकीला उभ्या आहेत का?"

"त्या? त्या कसल्या!"

"मग तळ."

बोट एकोणीस तारखेला सुटली. चार दिवस उशीर झाला, हे फ्लोरिसने सकाळच्या बातम्यांत सांगितलं, आणि किती पत्रे चढले तेही. ठराव दोन मतांनी पडला, जॉब मानेओरा मंत्री राहिले. तिच्याशी ते अजून तुटकच बोलतात, पण फोन उचलतात.

ठराव पडला त्याच संध्याकाळी विरोधी नेत्यांचा फोन आला. "शाबास पोरी! तू खरी आमच्या बाजूची."

"मी कुणाच्याच बाजूची नाही, साहेब. पण बरं झालं फोन केलात. तुमच्या मतदारसंघात नदीवरचा पूल तीन वर्षं अर्धाच उभा आहे. त्याबद्दल बोलायचं होतं. रेकॉर्ड करतेय हं."

ते चाळीस मिनिटं बोलले. गुरुवारी सकाळी सातच्या कार्यक्रमात पुलाची बातमी लागली.