चंदरच्या वाट्याचं वचन

थळ गावातल्या प्रार्थनेच्या बैठकीचा एक नेम होता आणि तो रणभिसे मास्तरांनीच घालून दिला होता. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं ते ओळीने. मागच्या रविवारी जिथे थांबलो तिथून पुढे. गोल बसायचं, एकाने एक वचन वाचायचं, मग शेजारच्याने पुढचं. वगळायचं नाही आणि निवडायचंही नाही. निवडायला लागलं की माणूस आपल्या सोयीचं तेवढंच देवाच्या तोंडी घालतो, असं मास्तर म्हणत. खरं म्हणजे चारचौघांत बोलायचं म्हटलं की अजूनही ते अडखळत, आणि या नेमामुळे त्यांना फारसं बोलावं लागत नसे.

एके काळी मास्तरांची पडवी भरून जाई. मग गावाजवळच्या खत कारखान्यातली कुटुंबं निवृत्त होऊन आपापल्या गावी गेली, तरुण पोरं मुंबईला गेली. उरले मास्तर, त्यांची बायको एस्तेरबाई, शेजारच्या नीराबाई आणि कोळीवाड्यातला चंदर. चंदरची बायको तुळशी अंथरुणाला खिळली होती तेव्हा नीराबाईंनी तिची सेवा केली, तिच्या उशाशी बसून प्रार्थना केली. तुळशी उठली आणि चंदर बैठकीला येऊ लागला. वाड्यातले लोक त्याला पाद्री म्हणून हाका मारीत. त्याचा मुलगा हर्षद तर त्याच्याच नकला करी, जाळं ओढताना मुद्दाम हात जोडून आमेन म्हणे. चंदरला वाचता येत होतं ते जेमतेम. बैठकीतच तो नीट वाचायला शिकला. आपली पाळी आली की बोट ठेवून, एकेक अक्षर उचलत तो वचन पुरं करी आणि मग सगळ्यांकडे असा बघे, जणू होडी किनाऱ्याला लागली.

पावसाळा सरल्यावर हर्षदची बोट बुडाली. बाकीचे खलाशी सापडले, हर्षद सापडला नाही.

चंदरने बैठक सोडली. मास्तर रोज त्याच्या दाराशी जात, काहीतरी पुटपुटत, परत येत. शेवटी त्यांनी ठरवलं की हातातलं पुस्तक संपलंय, तर आता ईयोबाचं पुस्तक घ्यायचं. लेकरं गमावलेल्या माणसाचं पुस्तक ते. दुःखात बुडालेल्याला आपलंच कुणीतरी शास्त्रात भेटेल. ते त्यांनी चंदरला कसंबसं सांगितलं आणि, नवल म्हणजे, तो आला.

सुरुवातीचे रविवार बरे गेले. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो तिथे चंदरने मान वर केली. ‘‘ह्यो मानूस खरा बोलतो,’’ तो म्हणाला. घरी जाताना एस्तेरबाईंनी दिलेला चहा त्याने घेतला. त्या रात्री मास्तरांनी नीट जेवण केलं. आपल्या हातून एका माणसाला धीर मिळाला, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं असेल.

आठव्या अध्यायाचा रविवार आला. मास्तरांनी वचनांचा अर्थ उलगडणारा टीकाग्रंथ उघडून तयारी केली होती. इथे बिल्दद नावाचा मित्र ईयोबाला बोल लावतो, तो चुकीचं बोलतो आणि पुस्तकाच्या शेवटी देवच या मित्रांना झापतो, हे वाचन संपल्यावर समजावून सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वाचन संपल्यावर.

पहिलं वचन एस्तेरबाईंनी वाचलं, दुसरं नीराबाईंनी. मास्तरांनी आपलं वाचायला घेतलं आणि डोळा सहज खाली घसरला. पुढचं वचन चंदरचं होतं. आपलं संपलं तरी न थांबता तेही वाचून टाकावं, असं मनात आलं. पण चंदर बोट ठेवून तयार बसला होता. त्याची पाळी हिसकावली तर त्याला कीव केल्यासारखं वाटेल. आणि नेमाचं काय? मास्तर नुसतेच खाकरले.

चंदरने वाचायला सुरुवात केली. तुझ्या लेकरांनी देवाचा अपराध केला असेल, म्हणून त्याने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हाती दिलं असेल, अशा अर्थाचं ते वचन. तो हळूहळू वाचत असल्यामुळे प्रत्येक शब्द पडवीत वेगळा ऐकू आला. वाचून झाल्यावर त्याने कुणाकडेही बघितलं नाही. बोट पुन्हा सुरुवातीला नेलं आणि मनातल्या मनात परत वाचलं.

‘‘मास्तर, ह्ये बी देवाचाच वचन ना?’’

मास्तर घाईघाईने सांगू लागले. हा बिल्दद, हा चुकतोय, शेवटी देव त्याला तसं सांगतो.

‘‘शेवट म्हंजे कवा?’’

‘‘बेचाळिसाव्या अध्यायात.’’

‘‘तवर ह्ये सगले असाच बोलनार?’’

नीराबाई मध्येच म्हणाल्या, की शेवटी ईयोबाला सगळं परत मिळतं, गुरंढोरं, लेकरं सगळं.

‘‘तीच लेकरा?’’ चंदरने विचारलं.

‘‘तीच नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘दुसरी होतात.’’

चंदरने पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी कपाळाला लावलं, एस्तेरबाईंच्या मांडीजवळ ठेवलं आणि चपला घालून निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. आली तुळशी. ती आत बसली नाही, पायरीशीच उभी राहिली. चंदर दर्यावर जात नाही म्हणाली. दिवसभर तेच एक वचन म्हणत बसतो. इतक्या वर्षांत त्याला एकही वचन पाठ झालं नव्हतं, आता हे झालंय. ‘‘तुमी येऊन सांगा त्याला, ह्ये खोटा हाय म्हनून.’’

‘‘अहो, जा आत्ताच,’’ एस्तेरबाई म्हणाल्या. ‘‘आणि ते जाडजूड पुस्तक नेऊ नका.’’

तरी मास्तरांनी टीकाग्रंथ काखोटीला मारलाच. त्याशिवाय आपल्याला काय बोलता येणार, असं त्यांना वाटलं.

चंदर घरामागे सुकत घातलेल्या मासळीजवळ बसला होता. जाळं पुढ्यात होतं, पण हात हलत नव्हते. मास्तर समोर वाळूत बसले. बिल्दद चुकीचं बोलतो हे त्यांनी सांगितलं, टीकाग्रंथात कुठे काय लिहिलंय तेही सांगितलं. हर्षद थट्टेखोर होता, पापी नव्हता, एवढं मात्र ते स्वतःच्या शब्दांत बोलले.

चंदरने सगळं ऐकून घेतलं.

‘‘खोटा असंल,’’ तो म्हणाला. ‘‘पन माज्या तोंडून निंगाला ना? बापाच्या तोंडून. तुमी वाचला असता तं मी तुमाला शिव्या घालून मोकला झालो असतो.’’

मास्तरांनी मान खाली घातली. ते म्हणाले, ‘‘मग आता घाल. मला दिसलं होतं ते. तुझ्याआधी दिसलं होतं. मी वाचू शकलो असतो.’’

चंदरने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग येतोय की काय, म्हणून मास्तर जवळजवळ आशेने बघत राहिले. राग आला नाही.

‘‘आता काय,’’ चंदर म्हणाला.

तुळशी दारातून बघत होती. मास्तरांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले. हे प्रभू, एवढं म्हणून झालं आणि पुढचा शब्द येईना. समोर चंदर पुटपुटत होता. तेच वचन असणार, हे कळायला ऐकायची गरज नव्हती. मास्तरांनी डोळे उघडले. उठून जावं तर तुळशीला काय सांगणार, आणि बसावं तर कशासाठी, हे त्यांना कळेना.

‘‘बसाचा तं बसा,’’ चंदर म्हणाला. ‘‘पन मना काय सांगू नका.’’

मास्तर बसले. भरती येऊन होड्या हलायला लागल्या तरी ते बसून होते. चंदरचं पुटपुटणं काही थांबलं नाही.